घसारा

मी बँकेत क्लार्क आहे, बी. कॉम. आहे आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर बारीक बारीक ओरखडे आहेत. या तिन्हींपैकी एकाही गोष्टीची मला लाज वाटत नाही. पहिल्या दोन गोष्टी लोक पोटात घालतात. तिसरीसाठी मात्र मला रस्त्यात गाठून माझं सांत्वन करतात. "अहो, स्वर्ल मार्क पडलेत की तुमच्या गाडीला!" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर, एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर नुसतंच 'हं' म्हणतात, तसला भाव असतो. पुढचं वाक्य ठरलेलं. "माझ्या ओळखीचा एक पॉलिशवाला आहे."

या ओळखीच्या पॉलिशवाल्याविरुद्ध आणि त्याची ओळख करून देणाऱ्यांविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. खरोखर चारच बोलणार होतो. पण प्रकरण आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत गेलं आणि शब्द वाढले.

स्वर्ल मार्क म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी हे पान उलटून सरळ पुढच्या लेखाकडे जावं हे उत्तम. कारण घरात पाल आहे हे एकदा कळलं की मग ती दिसली नाही तरी झोप लागत नाही, तसला हा प्रकार आहे. ज्यांना थांबायचंच आहे त्यांनी एक स्वच्छ धुतलेली गाडी, शक्यतो काळी, भर उन्हात उभी करावी आणि सूर्याचं प्रतिबिंब बॉनेटवर जिथे पडतं तिथे पाहावं. प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखी बारीक, गोल गोल रेघांची नक्षी दिसेल. झालं. तुम्ही बाटलात.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. माणूस अत्यंत सज्जन, मेन्टेनन्स वेळेवर भरणारा. त्यांच्याकडे काळी गाडी आहे. (काळी गाडी घेणाऱ्या पुणेकराबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. आठ महिने धूळ आणि चार महिने चिखल असलेल्या गावात काळी गाडी घ्यायला छाती लागते.) हे गृहस्थ एकदा गाडीला सुगंधी डबी घ्यायला म्हणून एका दुकानात गेले. दुकानाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसाने त्यांची गाडी आत घ्यायला लावली, शटर अर्धं ओढलं, खिशातून टॉर्च काढला आणि बॉनेटवर मारला. "बघा सर." सरांनी बघितलं. सूर्य रोज जे फुकट दाखवत होता तेच टॉर्चने दाखवलं, पण सूर्याकडे दरपत्रक नसतं. त्या दिवसापासून सरांच्या जिवाला चैन नाही. तीन वर्षांत चार वेळा त्यांनी गाडी पॉलिश करून घेतली. दर खेपेला नऊ हजार रुपये. सुगंधी डबी मात्र राहूनच गेली.

चौथ्या खेपेला पॉलिशवाल्याने रोगाचं निदान केलं. "सर, तुमचा गाडी पुसणारा गोल गोल पुसतो. म्हणून गोल मार्क येतात."

आता हा गाडी पुसणारा. सोसायटीच्या वहीत त्याचं नाव 'कार वॉशिंग' असं आहे. सोसायटीतली माणसं, वयाने त्याच्याहून मोठी असलेलीसुद्धा, त्याला मामा म्हणतात. (सोसायटीत मामा एकच आहे असा मात्र वाचकांनी समज करून घेऊ नये.) मामा पहाटे साडेपाचला येतो. एक बादली, एक फडकं, बारा गाड्या. दर गाडीला महिना सहाशे रुपये. बाराव्या गाडीपर्यंत आठ वाजतात आणि मग तो शेजारच्या सोसायटीत जातो.

पॉलिशवाल्याने निदान केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली: 'गाड्या पुसणाऱ्याने यापुढे गाड्या गोल न पुसता सरळ रेषेत पुसाव्यात. हुकमावरून.' आणि त्याखाली सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत, सातव्या क्रमांकावर, 'पार्किंगमधील कबुतरे' या विषयाच्या लगेच खाली, एक ठराव: सभासदाच्या वाहनाच्या रंगाच्या नुकसानीपोटी रुपये नऊ हजार संबंधित इसमाच्या मासिक मेहनतान्यातून दरमहा पाचशेप्रमाणे वसूल करण्याबाबत.

नऊ हजार भागिले पाचशे. अठरा महिने. बँकेत आम्ही कर्जाचे हप्ते पाडतो, पण निदान ज्याने कर्ज घेतलं त्याचेच पाडतो.

मी घरी येऊन हिला म्हटलं, "मी सभेत बोलणार आहे." ही म्हणाली, "कबुतरांबद्दल बोला. गाडीचं तुम्हाला काय कळतं?" प्रश्न रास्त होता. पण मी गाडीबद्दल बोलणारच नव्हतो. मी हिशेबाबद्दल बोलणार होतो, आणि हिशेब मला कळतो. पंचवीस वर्षांपूर्वी कॉमर्सला अकाउंटन्सीचे सर एक धडा फार रंगवून शिकवायचे. घसारा. कुठलीही वस्तू वापरून वापरून झिजते, तिची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी होते, ती कमी झालेली किंमत म्हणजे घसारा. तो मोजायच्या दोन पद्धती: सरळ रेषेची आणि घटत्या शिलकेची. तेव्हा मला शब्दाचं नवल वाटलं नव्हतं. आता वाटतं. घासून घासून जे कमी होतं, तो घसारा. ज्याने हा शब्द मराठीत रूढ केला त्याने गाडीचं पॉलिश नक्की पाहिलेलं असणार. फरक एवढाच की इतर सर्व वस्तूंचा घसारा आपोआप आणि फुकट होतो. रोख पैसे देऊन, अपॉइंटमेंट घेऊन, रांगेत गाडी लावून जो करून घेतात, तो घसारा जगात हा एकच.

आधी त्या गोल रेघांचा निकाल लावू.

रेघा गोल नसतातच. गाडीवर चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात: उभे, आडवे, तिरपे, कसेही. पण उजेड ज्या चऱ्यावर आडवा पडतो, तेवढाच चरा त्याला आपल्या डोळ्यांकडे उडवतो. बाकीचे चरे तिथेच असतात, पण अंधारात बसलेले. दिव्याच्या चहूबाजूंना असे नेमके आडवे सापडलेले चरे तेवढे उजळले की त्यांचं वर्तुळ दिसतं. पावसाळ्यात रात्री रस्त्याच्या दिव्यापुढे एखादं ओलं झाड आलं तर त्याच्या काटक्यांचंही दिव्याभोवती असंच गोल घरटं झालेलं दिसतं. त्या काटक्या काही महापालिकेने वाकवून गोल केलेल्या नसतात. पटत नसेल तर घरातलं स्टीलचं ताट घ्या, रोज घासणीने घासलेलं. दिव्याखाली धरा. प्रतिबिंबाभोवती वर्तुळं दिसतील. "ताट गोलच घासतात हो!" असं कुणीतरी म्हणतंच. ठीक आहे. मग ताट तसंच धरून दिवा हलवा. वर्तुळांचा मध्य दिव्याबरोबर सरकतो. ताटावर खरोखरच गोल चरे असते तर ते जागच्या जागी राहिले असते. तेव्हा मामाने गोल पुसलं, सरळ पुसलं, चौकोनी पुसलं किंवा गाडीवर स्वस्तिक काढलं, तरी बॉनेटवर वर्तुळंच दिसणार. सोसायटीच्या फळ्यावरचा हुकूम प्रकाशाला लागू नाही.

आता पॉलिश म्हणजे काय ते पाहू. माझा खरा राग इथे आहे.

'स्वर्ल मार्क काढून टाकतो' असं ते म्हणतात. काढून काय टाकणार? ओरखडा ही काही वस्तू नाही. तिथे जे होतं ते नाहीसं झालेलं आहे, त्याला आपण ओरखडा म्हणतो. ओरखडा म्हणजे खड्डा. खड्डा उचलून फेकता येत नाही. एकच करता येतं. आजूबाजूची सगळी जमीन खड्ड्याच्या तळाइतकी खाली आणायची. मग खड्डा उरत नाही. (ही युक्ती कृपा करून आमच्या महापालिकेच्या कानावर घालू नका. यंदाच्या पावसाळ्याच्या आत त्या सगळं शहर रस्त्यांच्या खड्ड्यांइतकं खोल करून मोकळ्या होतील.)

पॉलिशच्या बाटलीत काय असतं? मलमासारख्या लगद्यात कालवलेली अत्यंत बारीक, कडक भुकटी. बहुतेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइडची. लाकूड घासायच्या कागदावरही बऱ्याचदा हीच भुकटी चिकटवलेली असते, फक्त जाड. आपल्याकडचा सुतार त्या कागदाला काय म्हणतो? पॉलिश पेपर! इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्याने कुणाला फसवलं नाही. पॉलिश म्हणजे घासणं, हे तो उघड सांगत आला आहे.

माझ्या आजीचा एक पितळी तांब्या आमच्या घरी आहे. त्यावर आजोबांचं नाव घातलेलं होतं. आजी रोज राख आणि चिंच लावून तो लखलखीत करायची, पुढे आईने केला. आज त्यावर नावाचं शेवटचं '...कर' तेवढं बोटाला लागतं. आजोबा गेले ते एकदाच, पण त्यांचं नाव साठ वर्षं रोज थोडं थोडं जात होतं. आणि तो तांब्या चांगला मिलिमीटरभर जाडीचा होता. गाडीची जाडी ऐका. आताच्या गाड्यांना पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चकाकी म्हणजे हा थर. ऊन, पाऊस, कबुतरं (विषय क्रमांक सहा), सगळं हाच सोसतो आणि खालच्या रंगाला उन्हापासून जपतो. तो साधारण चाळीस मायक्रॉन जाडीचा असतो. मिलिमीटरचा पंचविसावा हिस्सा. आपल्या डोक्यावरचा एक केस याच्या जवळजवळ दुप्पट जाड भरतो. माझ्या डोक्यावर उदाहरणाला थोडेच उरले आहेत, पण त्यांची जाडी तेवढी आहे.

तेव्हा माझ्यासारख्या माणसाला ते चाळीस मायक्रॉन दिसले की काय दिसतं? मुदत ठेव. कारखान्यातून निघताना एकदाच ठेवलेली. तिच्यावर व्याज नाही, तिच्यात भर घालता येत नाही, काढता मात्र येते. मशीनने एकदा नीट पॉलिश केलं की दोन-चार मायक्रॉन जातात, कंपाउंड जाड आणि हात जड असला की त्याहून जास्त. "चाळीसातले चारच ना? दहा वेळा तर करता येईल!" असं दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला जिन्यात सांगितलं. मी विचारलं, "साहेब, तुमच्या खात्यातून तुम्ही शेवटचा रुपयासुद्धा काढता का?" मिनिमम बॅलन्स नावाची एक गोष्ट असते. थर पातळ होत गेला की उन्हापुढे त्याचं बळ आधीच कमी पडायला लागतं. तळ गाठायची वाट पाहावी लागत नाही. जाणकार मंडळी गाडीच्या सगळ्या आयुष्यात सात-आठ मायक्रॉनच्या पलीकडे हात घालू नका म्हणतात. म्हणजे दोन, फार तर तीन पॉलिशं. गृहस्थांची चार झाली आहेत आणि गाडीचा विमा अजून तीन वर्षांचाही झालेला नाही.

शिल्लक संपली की काय होतं ते कुठल्याही सार्वजनिक पार्किंगमध्ये पाहायला मिळतं. टपावर आणि बॉनेटवर पांढरट ढग येतात, मग पापुद्रे सुटतात, उन्हाने सोललेल्या पाठीसारखे. त्यावर पॉलिश चालत नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. रंगवला की गाडी विकताना घेणारा त्यावर जाडी मोजायचं यंत्र ठेवतो, आकडा जास्त आला की 'अपघातातली दिसते' म्हणतो आणि किंमत पाडतो. रीसेल व्हॅल्यूसाठी पॉलिश करतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा.

त्या यंत्राचीही एक गंमत आहे. चांगले पॉलिशवाले काम सुरू करण्याआधी ते लावून आकडा दाखवतात. एकशे दहा, एकशे वीस मायक्रॉन, काहीतरी येतं. गिऱ्हाइकाला वाटतं, भरपूर शिल्लक आहे. पण तो प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट अशा तिघांच्या जॉइंट अकाउंटचा आकडा असतो. त्यात वरच्या थराचे किती, हे ते साधं यंत्र सांगत नाही. असलं पासबुक आमच्या बँकेने दिलं असतं तर लोकांनी काउंटरच्या काचा फोडल्या असत्या.

पूर्वी असं नव्हतं. आमच्या काकांची फियाट होती, निळी. तिच्या रंगावर हा पारदर्शक थर नव्हता, वरपासून खालपर्यंत रंगच. दसऱ्याच्या आधी काका स्वतः रबिंग करायचे आणि फडकं निळं व्हायचं. काकू फडकं पाहून म्हणायची, "अहो, पुरे! गाडी फडक्यावर यायला लागली." तेव्हा निदान चोरीचा माल दिसायचा. आता जो थर जातो तो पारदर्शक. मुद्दल गेलं, पुरावा नाही. एवढी सफाईदार अफरातफर मी पंचवीस वर्षांत एकाही कॅशियरला करताना पाहिली नाही.

बरं, सगळेच पॉलिशवाले एवढी मेहनत घेतात असंही नाही. काही पॉलिशांमध्ये घासायच्या भुकटीपेक्षा तेल आणि मेणच जास्त असतं. ते चऱ्यांमध्ये भरून बसतं आणि गाडी आरशासारखी होते. तीन-चारदा धुतली की तेल निघून जातं आणि चरे पुन्हा हजर. आम्ही याला विंडो ड्रेसिंग म्हणतो. एकतीस मार्चला सायंकाळी ताळेबंद कसा देखणा दिसतो आणि दोन एप्रिलला त्यातलं काय उरलेलं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही मी म्हणेन, दोन्हींत हा पॉलिशवाला बरा. तो फक्त पैसे घेतो, गाडी गाडीपाशी ठेवतो.

एकाच दिशेने गरगर फिरणारं जोरकस मशीन शिकाऊ पोराच्या हातात दिलं की तो जुने चरे घालवतो आणि उन्हात हलणाऱ्या धुरकट पट्ट्या नव्याने उठवतो. त्यांना होलोग्राम म्हणतात. होलोग्राम म्हटलं की मला क्रेडिट कार्ड आठवतं, आणि खर्चाकडे पाहता ते बरोबरच आहे. कारण या पट्ट्या काढायला दुसरं, डुगडुगत फिरणारं मशीन आणि आणखी एक घासणी लागते.

आणि शेवटी सिरॅमिक कोटिंग. 'नाइन एच हार्डनेस, सर!' असं म्हणताना विकणारा आवाज खाली आणतो. ऐकणाऱ्याला शाळेतला मोह्‌सचा तक्ता आठवतो. फ्रेडरिक मोह्‌स नावाच्या जर्मन माणसाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाचे एक ते दहा क्रमांक लावले. दहाव्या क्रमांकाला हिरा, नवव्याला माणिक-नीलम ज्याचे होतात तो कुरुंद. नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल! गिऱ्हाईक सही करून मोकळं होतं. पण या 'नाइन एच'मधला एच हा पेन्सिलीचा आहे. एचबी, टूबी, टूएच असतात ना, त्यातला. रंगावर वेगवेगळ्या पेन्सिली ओढून पाहायची एक चाचणी आहे, तिच्यातली सगळ्यांत कडक पेन्सिल म्हणजे नाइन एच. अर्थ एवढाच की तुमच्या गाडीवर त्या पेन्सिलीने ओरखडा पडणार नाही. सोसायटीतल्या चित्रकलेच्या क्लासला जाणाऱ्या मुलांपासून गाडी सुरक्षित झाली. अभिनंदन! कोटिंगने पाणी छान घरंगळतं, धूळ कमी चिकटते, गाडी धुणं सोपं होतं, हे मान्य. पण धूळ काही पेन्सिलीची नसते.

धूळ कशाची असते, इथेच तर सगळं आहे. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या आणि बांधकामाच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे गारेचे. मोह्‌सच्या तक्त्यात गारेचा क्रमांक सातवा. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे ही धूळ काचेलासुद्धा चरा पाडू शकते, मग प्लॅस्टिकच्या जातीचा तो चाळीस मायक्रॉनचा पापुद्रा काय चीज आहे? आणि आपण काय करतो? रोज सकाळी, न चुकता, श्रद्धेने ही धूळ फडक्याखाली घेऊन गाडीभर फिरवतो. काही जण त्याआधी लांब दांड्याच्या झुपकेदार ब्रशने कोरडीच झटकतात. खंडेनवमीला तर वरून हळद-कुंकू, अक्षता आणि झेंडूची माळ. मग दुसऱ्या दिवशी तेच कोरडं कुंकू गाडीला चोळून काढायचं. देवाला जे वाहिलं त्यानेच वाहन घासायचं.

मामाच्या फडक्याने ओरखडे पडतात का? पडतात. मी कशाला नाही म्हणू? पण मामाच्या हाती आपण दिलंय काय? बादली एक. तीत पाणी अठरा लिटर. गाड्या बारा. गाडीमागे दीड लिटर. एवढ्या पाण्याने आमचे मॅनेजरसाहेब सकाळी नुसती चूळ भरतात. बादली मध्येच बदलायची नाही, कारण समितीचा ठराव आहे: उन्हाळ्यात टँकर लागतो, सबब एकच बादली. तेव्हा पहिली गाडी पाण्याने पुसली जाते, सहावी गढूळ पाण्याने आणि बारावी अकरा गाड्यांच्या मातीने. पहिली गाडी चेअरमनसाहेबांची आहे. हा योगायोग आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची अकरावी. माझी बारावी. गेली आठ वर्षं.

सभेत मी हे सगळं मांडलं. स्टीलचं ताट नेलं होतं. मोबाइलचा टॉर्च लावून दाखवलं, वर्तुळं फिरवून दाखवली. चेअरमनसाहेबांनी स्वतः ताट हातात घेऊन फिरवलं आणि "अरेच्चा!" म्हणाले. खजिनदारांनी विचारलं, ताट कुठून घेतलं. मग मी फळ्यावर हिशेब लिहिला. एक जादा बादली, अडीचशे रुपये. दर गाडीला दोन मऊ मायक्रोफायबरची फडकी, शंभराला एक, चोवीस फडक्यांचे दोन हजार चारशे. एकूण दोन हजार सहाशे पन्नास. भागिले बारा. दर सभासदाला दोनशे एकवीस रुपये. रोज पुसणं बंद. आठवड्यातून एकदा धुणं, पैसे तेवढेच. आधी मगाने भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग एका बादलीत साबण, दुसरीत फडकं खळबळायचं, वरून खाली यायचं, चाकाजवळचा चिखल सगळ्यांत शेवटी. फरशीवर पडलेलं फडकं गाडीला लावायचं नाही. पाणी टिपायचं, रगडायचं नाही. गाडीला वीस लिटर धरले तर बारा गाड्यांना दोनशे चाळीस. सध्या सहा दिवसांचे एकशे आठ जातात. वरचे एकशे बत्तीस लिटर कुठून आणायचे, असं सेक्रेटरींनी विचारलं. मी म्हटलं, "आपली गच्चीवरची टाकी रोज सकाळी दहा मिनिटं वाहते, त्यातून." सेक्रेटरी ती नोंद लिहायला विसरले.

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. "तुम्ही प्रत्येक गोष्ट रुपयांत मोजता. माझं गाडीवर प्रेम आहे." यावर टाळ्या पडल्या. मलाही ते आवडलं. माणसाने गाडीवर प्रेम करावं. एखादा खोल चरा डोळ्यांत खुपत असेल तर तेवढ्यापुरतं हाताने पॉलिश करावं, हौस म्हणून आयुष्यात एकदा सगळी गाडी करून घ्यावी, माझं काही म्हणणं नाही. ठेव ज्याची त्याची. पण प्रेम तुमचं, पॉलिश दुकानदाराचं, धूळ गावाची, पाणी समितीचं आणि हप्ते मामाचे, हे कुठलं खतावणं? नऊ हजार म्हणजे मामा तुमची गाडी पंधरा महिने पुसतो त्याचे पैसे. एका दुपारच्या घासण्याला तुम्ही ते कुरकूर न करता दिलेत. आणि अडीचशेच्या बादलीसाठी टँकरचा ठराव काढून दाखवता!

मामाला आत बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला. चेअरमनसाहेबांनी विचारलं, तुला काय म्हणायचंय. तो म्हणाला, "साहेब, बादली तुमी येकच दिली. बाराव्या गाडीला गंगा कुठनं आणू?" आणि घड्याळाकडे पाहून, शेजारच्या सोसायटीत जायचंय म्हणून निघून गेला.

ठराव मतदानाला टाकला. वसुलीच्या बाजूने चार, विरुद्ध सात, आणि चेअरमनसाहेब तटस्थ, कारण त्यांच्या गाडीला ओरखडे नाहीत. फडक्यांचा विषय निधीअभावी पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. बादली तत्त्वतः मंजूर झाली, खरेदी मात्र तीन दरपत्रकं आल्यावर. तीन दरपत्रकांची वाट पाहणं काय असतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मंडईजवळून एक बादली आणून मामाला दिली. सेक्रेटरींनी ती मामाच्या हातून काढून घेतली, तिच्यावर ऑइलपेंटने सोसायटीचं नाव घातलं, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद केली आणि तिसऱ्या दिवशी परत दिली. तिच्यावर घसारा किती टक्के धरायचा, सरळ रेषेने की घटत्या शिलकेने, हे विचारायला काल ते माझ्याकडे आले होते.